भिजवून बांधलेली गाठ

मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली की केवळरामला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. घरातला पंखा, मैनाचं शिलाई मशीन, शेजारच्या रामाजीचा पाण्याचा पंप, सगळं त्यानं कधी ना कधी उघडून पाहिलेलं होतं. त्यातलं निम्मं नंतर चाललंही होतं. उरलेल्या निम्म्याबद्दल त्याची बायको मैना चारचौघांत बोलायची आणि तो हसून डोकं खाजवायचा. ढिवराच्या घरात जन्मलेला माणूस, हयात तलावात गेलेली. जाळं विणणाऱ्या बोटांना जगातली कुठलीही गोष्ट सुधारता येते, असा त्याचा पक्का समज होता. आणि हा समज अगदीच खोटा नव्हता, हेच वाईट.

त्यामुळे त्या चैत्रात घरच्या मोटरसायकलचा गिअर त्रास द्यायला लागला, तेव्हा ती कोण दुरुस्त करणार हा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही.

गाडी खरं तर मुलाची, सुरेंद्रची. पहाटे तलावातून मासळी निघाली की सुरेंद्र ती गाडीला बांधायचा, मैना मागं बसायची आणि दोघं सावलीच्या बाजाराला जायचे. त्यांच्या जांभूळटोल्याहून सावली वीसेक किलोमीटर. त्यातले पहिले सहा किलोमीटर नुसतं जंगल, मग डांबरी रस्ता. या सहा किलोमीटरनंच गावाची झोप उडवली होती. मोहफुलं पडायला लागल्यापासून दोन माणसं गेली. आधी पलीकडच्या गावची एक बाई, मग इथलाच मुखरू. मुखरूची टोपली सकाळी सापडली, चप्पल दुपारी सापडली, आणि मुखरू सापडायला संध्याकाळ झाली. तेव्हापासून मोह वेचायला कुणी जात नव्हतं आणि जंगलात पाऊल टाकलं की कुणी वाघाचं नाव घेत नव्हतं. नुसतं जनावर म्हणायचे.

मग गावानं बसून नियम केला. सकाळी साडेसहाला चार गाड्यांनी मिळून निघायचं. पुढं रामाजी. मधे कुणी थांबायचं नाही, फोन वाजला तरी नाही, चप्पल पडली तरी नाही. एकट्यानं तर जायचंच नाही. सुरेंद्रच्या गाडीवरून मासळीचं पाणी मागच्याच्या तोंडावर उडतं, म्हणून तिला सगळ्यात शेवटचा नंबर दिला. त्या दिवशी सगळे त्यावर खदाखदा हसले होते. शेवटची गाडी मागं राहिली तर पुढच्यांना कळणार कसं, हे त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गिअर बिघडला तो असा. त्या गाडीचा गिअरचा पायडल थेट इंजिनात जात नव्हता. मधे वीतभर सळई होती. पाय दाबला की सळई सरकायची आणि इंजिनातून निघालेल्या दांड्याला फिरवायची, मग गिअर पडायचा. सळईच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी, आणि वाटीत घट्ट बसणारी लोखंडी गोळी. पुढची वाटी झिजून झिजून अशी झाली होती की गोळी नुसत्या बोटानं बाहेर यायची. ती निघाली की पायडल पायाखाली लोंबकळायचा, आणि गाडी ज्या गिअरात असेल त्यातच अडकून पडायची.

सुरेंद्रनं सावलीच्या अंकुश मिस्त्रीला फोन लावला. अंकुश म्हणाला, नवी सळई माझ्याकडं आहे, गाडी घेऊन या. पण गाडी न्यायची कशी? न्यायला तेच जंगल पार करायचं होतं.

"सावलीपर्यंत गेली म्हंजे झालं ना?" केवळराम म्हणाला. "तेवढं मी करून देतो."

दुपारी जेवण करून तो मांडवाखाली पोतं टाकून बसला. काम मात्र त्यानं मन लावून केलं, ते नाकारता येणार नाही. दांड्यावरचा जोड काढायच्या आधी त्यानं मैनाचं नेलपॉलिश आणून दोघांवर मिळून एक लाल रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना एक दातही इकडेतिकडे होऊ नये. सळई राकेलमध्ये बुडवून जुन्या ब्रशनं घासली. मागच्या बाजूचा नट मात्र सुटेना. तो जितका फिरवी तितका नट आवळत जाई.

"बा, थ्या बाजूले उलटे आटे हायेत," सुरेंद्र मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "इथी व्हिडिओत सांगून राह्यला."

"मोबाइलले काय समजते!" केवळराम गुरगुरला. पण मुलगा आत गेल्यावर त्यानं पाना उलटा फिरवला आणि नट लोण्यातून निघावा तसा निघाला. याची वाच्यता त्यानं कुठं केली नाही.

ग्रीस भरलं, सळईची लांबी जमवली, पायडल पायाला नीट लागेल असा बसवला. आता राहिली ती झिजलेली वाटी. सुरेंद्रनं बांधकामावरची तार आणली. तार गुंडाळून केवळरामनं हातानंच पायडल खालीवर करून पाहिला. चाळीस वेळा केला असेल, तार कट्‌ करून तुटली.

"सांगतलं होतं ना? तार वाकते, वाकते आन् तुटते," तो म्हणाला. मनातून त्याला बरंच वाटलं होतं. तो उठला, आढ्याला टांगलेल्या गुंडाळीतून सणाच्या वाखाची दोरी तोडून आणली. बाकीच्यांनी कधीच नायलॉन धरलं होतं, पण जाळ्याच्या काठाला केवळराम अजून स्वतः वळलेला सण वापरायचा. दोरी त्यानं पाण्याच्या लोट्यात चांगली भिजू दिली. मग वाटी आणि गोळी मिळून तिचे आडवेतिडवे वेढे घेतले, दातांनी ओढून आवळले आणि शेवटी बापानं शिकवलेली गाठ मारली.

"पाह्य आता. जाळं फाटते, पण हे गाठ सुटत नाई."

मैना दारात तांदूळ निवडत बसली होती. "तलावाचं काम तलावात ठेवा जी," ती म्हणाली. "गाडीचं मिस्तरीले करू द्या. उद्या नाई गेलो तं काय होते?"

"सावलीच्या बारशाची मासळी सांगून ठेवली हाये. शबुद देल्ला हाये."

"शबुद आपल्या जागी. मले त्या नाल्याची भेव लागते."

भीती सगळ्यांनाच त्या नाल्याची होती. बरोबर अर्ध्या वाटेवर, तीन किलोमीटरवर तो नाला आडवा यायचा. उतारावर दुसरा गिअर घ्यायचा आणि खाली वाळूत पहिला, नाहीतर चाक रुतायचं. तिथं पहिला गिअर पडला नाही तर गाडी बंद. आणि तिथं गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते मुखरूच्या घरी जाऊन विचारावं.

म्हणून केवळरामनं सुरेंद्रला गाडीवर बसवलं आणि अंगणात, मग तलावाच्या बांधापर्यंत, पाळीपर्यंत, दोन फेऱ्या मारायला लावल्या. पहिला पडला, दुसरा पडला, पुन्हा पहिला पडला. खटक, खटक, नव्या गाडीसारखा. सुरेंद्र खूश झाला. केवळरामनं मैनाकडं असं पाहिलं की तिनं सूप उचललं आणि मुकाट्यानं आत गेली.

सकाळी साडेसहाला चार गाड्या सुरू झाल्या. सगळ्यात मागं सुरेंद्र, मधे ओल्या पोत्यात गुंडाळलेला मासळीचा डबा, मागं मैना. जाताना तिनं वळून सांगितलं, "भाकर झाकून ठेवली हाये. येळेवर जेवजा." केवळरामनं हात हलवला. गाड्यांचा आवाज जंगलात विरेपर्यंत तो उभा राहिला, मग परसात आला.

कुंपणावर मागच्या महिन्यापासून एक जुनं जाळं वाळत पडलं होतं. ते सांधायला घ्यावं म्हणून त्यानं काठ हातात धरला. बोट सवयीनं एका गाठीवर गेलं, आणि गाठ हलली. त्यानं दुसरी चाचपली. तीही ढिली. तिसरीत तर नखही गेलं.

त्याला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग तो जाळ्यावरच खाली बसला.

सण भिजला की फुगतो, फुगला की आवळतो. वाळला की बारीक होतो आणि गाठ सैल पडते. म्हणून तर वाळलेलं जाळं तलावात टाकायच्या आधी घटकाभर भिजत घालायचं. हे त्याला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं, पोराला त्यानंच शिकवलं होतं. पण आयुष्यभर त्याच्या गाठी पाण्यात राहिल्या. काल त्यानं गाठ भिजवून बांधली ती इंजिनाला खेटून. अंगणातल्या दोन फेऱ्यांत इंजिन तापलंच कुठं होतं? दोरी ओली होती म्हणून गिअर खटक खटक पडत होते. रात्रभरात ती निम्मी सुकलीच असणार, आज दोन किलोमीटरमध्ये इंजिन तव्यासारखं तापणार, दोरी कोरडीठाक होणार. आणि तिसऱ्या किलोमीटरला नाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मैना त्याला गमतीनं म्हणायची. आज ते आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

तो पाळीकडं धावला. गावात फोनला रेंज कधी यायची, कधी नाही; तिथं मात्र हमखास यायची. सुरेंद्रचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, चार वेळा लावला. बाई तेच तेच सांगत राहिली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. केवळरामला दिसायला लागलं की पुढच्या तीन गाड्या चढ चढून निघून गेल्यात, नाल्याच्या वाळूत एकच गाडी बंद उभी आहे आणि मैना साडी खोचून ती ढकलते आहे, वाकून, पाठ झाडीकडं करून. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे या भागात लहान पोरही सांगेल.

गावात गाडी एकही उरली नव्हती. त्यानं सायकल काढली. रामाजीची बायको बायनाबाई अंगण झाडत होती, तिनं खराटा थांबवला.

"केवळभाऊ, एकटे कुठी चालले?"

"पाळीवर."

"पाळ तं तिकडं रायली! थांबा, माणसं बलावते!"

माणसं गोळा होऊन, काठ्या घेऊन, तंबाखू मळून निघेपर्यंत अर्धा तास सहज गेला असता. तो थांबला नाही. नियम करायला बसलेल्या पंचांमध्ये तो स्वतः होता, आणि एकट्यानं जायचं नाही हे वाक्य त्याच्याच तोंडचं होतं. पण तेव्हा मैना घरात होती.

जंगलात शिरल्यावर पहिल्यांदा वास आला तो मोहाचा. वेचायला कुणी नाही, त्यामुळे फुलं झाडाखाली खच पडून आंबत होती. गोड, घशात बसणारा वास. एरवी या वेळेला इथं बायकापोरांचा कलकलाट असायचा. आता सायकलच्या साखळीचा आवाज तेवढा होता, आणि तो त्याला नको इतका मोठा वाटत होता. गुडघे दुखत होते. त्यानं झाडीकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि नजर रस्त्यावर धरली.

नाल्याचा उतार सुरू होतो तिथं मातीत काहीतरी पडलेलं दिसलं. तो उतरला. सणाची दोरी होती. काळी झालेली, वाळून कडक. गाठ सुटली नव्हती, त्याच्या बापाची गाठ जशीच्या तशी होती. नुसती सैल होऊन वेढ्यांसकट घसरून पडली होती.

नाल्याच्या अलीकडं. म्हणजे पहिला गिअर पडला नव्हता.

"मैना," तो म्हणाला. मोठ्यानं हाक मारायचा धीर झाला नाही. सायकल तिथंच आडवी टाकून तो उतार उतरला.

नाल्यात गाडी नव्हती. माणूस नव्हता. रक्त नव्हतं, आधी त्यानं तेच शोधलं. वाळूत चाकांच्या तीन रेघा सरळ गेल्या होत्या. चौथी वेडीवाकडी होती, आणि मधेच एका जागी चाकानं खोल खड्डा केला होता. खड्ड्यामागं मैनाच्या चपलांचे ठसे. टाचा उचललेल्या, बोटं रुतलेली. म्हणजे ती खरंच उतरली होती, खरंच ढकलत होती. ठसे तसेच पुढं दहा-बारा पावलं जात होते, मग संपत होते. तिथून पुढं चाकाची रेघ एकटी पलीकडचा चढ चढून गेली होती. ती मागं बसली असणार. बसलीच असणार, दुसरं काय? तरी खात्री करावी म्हणून तो खाली वाकून तिचा शेवटचा ठसा बघायला लागला.

त्या ठशावर पंजा उमटलेला होता.

पंजा खाली आणि चप्पल वर असती तर गोष्ट वेगळी होती. इथं चप्पल खाली होती. चार बोटं, मागं रुंद तळवा, आणि ओल्या वाळूतून खळग्यात पाणी अजून झिरपत होतं, भरलं नव्हतं. केवळराम पाण्याकाठचा माणूस होता. ओल्या वाळूतला ठसा भरायला किती वेळ लागतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. या चढापाशी कधीमधी रेंज यायची. त्यानं घाईनं दोन्ही हातांनी तो धरला.

"बा!" सुरेंद्रचा आवाज. "काऊन गा इतके फोन केले? डांबरीवर आल्यावर दिसले."

"कुठी हाये तुमी? आई कुठी हाये?"

"हे काय बाजूले उभी हाये. बा, तुमची दोरी गेली ना! नाल्यात दुसऱ्या गिअरातच अडकली. आईनं ढकललं तवा निंगालो. दुसऱ्यावरच इथंवर आणली. रामाजीकाका पुढंच गेले, त्याईले मालूमच नाई पडलं. आता आमी दोघंच हावो, जीपची वाट पाहून राह्यलो."

केवळरामनं फोन कानाला घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. जिवंत होती. दोघं जिवंत होती. आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद त्याला त्या वाळूत उभं राहून झाला.

मग त्याची नजर पंज्यांच्या मागोमाग गेली. ते पलीकडच्या चढाला गेलेच नव्हते. ठशावर एक पाय ठेवून जनावर वळलं होतं आणि अलीकडच्या काठाला चढलं होतं, तो आत्ता उतरून आला त्या वाटेपासून दोन काठ्यांवर.

"बा? आयकून राह्यले का? तुमी कुठी हाये?"

खरं सांगितलं असतं तर पोरगं तिथूनच गाडी वळवून आलं असतं. त्याच गाडीवर, त्याच अडकलेल्या गिअरात. आणि मैना त्याला एकटं येऊ देणारी नव्हती. ती मागं बसली असती.

"घरीच हाये," केवळराम म्हणाला.

"मंग आवाज काऊन असा?"

"झोपलो होतो. आयक, सुरेंद्र. गाडी तिथंच ठेव. जीपनं सावलीले जा. येताना माणसं घेऊन या, दहा-वीस माणसं. दोघंच येऊ नोका. आईची आन हाये तुले."

फोन मैनानं घेतला. "आयकलं का जी? मले तुमच्यावर राग नाई. जीव वाचला, लय झालं. तुमी जेवले का?"

"जेवतो," तो म्हणाला.

"भाकर थंडी होऊन राह्यली असन."

"जेवतो ना आता."

त्यानं फोन बंद केला. पुन्हा वाजू नये म्हणून बटन दाबून पूर्ण बंद केला आणि खिशात घातला. अलीकडच्या काठावरच्या झाडांत, जिथं त्याची सायकल पडली होती तिथं, वानरं, जनावर दिसल्यावर ओरडतात तशी, खोकल्यासारखी ओरडायला लागली. आधी एक, मग सगळी. केवळराम लगेच वळला नाही. सुरेंद्रनं आईची आन पाळावी, एवढंच त्याच्या मनात होतं.